14 दारं, 30वा आठवडा

पत्र:

सुतारकाम हा माझा छंद, पोटापाण्याचा उद्योग नाही. ऑफिसनंतर रात्री-रात्री खपून स्वयंपाकघराची सगळी कपाटं घरीच केली. बॉक्स भिंतीला लागले, ड्रॉवरचे चॅनेल बसले, आता राहिलीत ती 14 दारं. त्यांना सीलर मारून मेलामाइन पॉलिश करायचंय. बायकोला 30वा आठवडा चालू आहे. थिनरचा डबा उघडला की ती दुसऱ्या खोलीतून ओरडते. मला तर एवढा वास येतही नाही. ज्या खोलीत काम चालतं ती पुढे बाळाची खोली होणार आहे. त्याआधी आजोबांचं जुनं, रंगवलेलं कपाट घासून बाळाच्या कपड्यांसाठी तयार करायचंय आणि जमलं तर पाळणाही करायचाय. बेलतेलाचे बोळे, भुसा, पॉलिशपेपरचे तुकडे, सगळं बेंचखालच्या खोक्यात साठलंय, तेही आवरायचं आहे. परवा बायको म्हणाली, "आता बंद कर हे सगळं." मी म्हटलं, "अगं, बाळासाठीच तर करतोय." तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. एवढ्या दिवसांत काम संपेल का? वासाने खरंच काही होतं का? आणि बाळ आलं की छंद सोडावाच लागतो का?

— एक अर्धवट सुतार

उत्तर:

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतोच, पण आधी तो खोका. तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त धडकी भरली.

बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता सोडतं. लाकडावर पातळ पसरलेलं असतं तेव्हा ही उष्णता निघून जाते. चुरगाळलेल्या बोळ्यांच्या ढिगात ती आतच कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता ढीग पेटतो. तुमच्या खोक्यात तर वर भुसा आणि कागदही आहेत. फेब्रुवारी 1991 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला आग लागली, ती 22व्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी पॅनेलचं काम करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या असल्याच बोळ्यांमुळे. तीन अग्निशमन जवान त्यात गेले. तेव्हा बाकीचं वाचायच्या आधी उठा. बोळे पाण्यात बुडवून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि घराबाहेर न्या. पुढच्या वेळेपासून प्रत्येक बोळा उलगडून, एकेरी, उघड्यावर वाळत घालायचा. पूर्ण कडक झाला की मगच कचऱ्यात.

झालं? आता दारं.

काम संपेल का, हे विचारताना तुम्ही बहुधा शेवटचा हात मारून होईपर्यंतचे दिवस मोजताय. मोजायचे ते त्याच्या पुढचे. पॉलिश हाताला लागेनासं झालं म्हणजे वाळलं, पण पक्कं झालं नाही. वरून कोरडं दिसणाऱ्या थरातून द्रव्यं बाहेर पडत राहतात. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन (पीयू) पॉलिश दोन-तीन तासांत दुसऱ्या हाताला तयार होतं, पण पुरतं पक्कं व्हायला दोन ते चार आठवडे घेतं. तेलावर आधारित असेल तर महिनाभर धरा. हवा थंड किंवा दमट असली की मुदत आणखी लांबते. मेलामाइन पॉलिशची गोष्ट याहून वाईट: ते त्यात मिसळायच्या हार्डनरमधल्या आम्लाने पक्कं होतं आणि त्या रासायनिक क्रियेत फॉर्मल्डिहाइड सोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत घातलंय. एकदा वास घेतला की आजार झाला असा याचा अर्थ नाही. पण नवजात बाळ मिनिटाला 30 ते 60 वेळा श्वास घेतं, तुम्ही-आम्ही 12 ते 20 वेळा. त्याच खोलीतली तीच हवा ते वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा किती तरी जास्त ओढतं.

आता उलटं मोजा. 37व्या आठवड्यापासून बाळ कधीही येऊ शकतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच येणारी बाळं 20 मध्ये एखादंच. 37 मधून पक्कं व्हायचे चार आठवडे वजा केले तर शेवटचा हात 33व्या आठवड्यात पडायला हवा. आज 30वा चालू आहे. 14 दारं, प्रत्येकाच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला तीन हात, म्हणजे 84 वेळा ब्रश फिरवायचा आणि मधल्या प्रत्येक थरानंतर बारीक पेपरने घासायचं. ऑफिस सांभाळून, रात्री, तीन आठवड्यांत. घाईत पॉलिश मारलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे: ओघळ येतात, धूळ चिकटते, मग पुन्हा घासा.

म्हणून माझं सरळ मत: दारं बाहेर द्या. पॉलिशची स्प्रे खोली असलेल्या कारखान्यात नेऊन टाका, तिथेच पूर्ण पक्की होऊ द्या आणि मग आणून बिजागऱ्यांना लावा. 'मग ती माझी कशी राहिली?' असं वाटेल. सांधे तुमचे, मापं तुमची, 14च्या 14 दारांच्या फटी एकसारख्या आणणं तुमचं. स्वयंपाकघरात आलेला कुणीही पॉलिश कोणी मारलं असं विचारणार नाही. हे खर्चाच्या दृष्टीने जमणार नसेल तर दारं तशीच, कोरी, सपाट रचून ठेवा आणि कपाटं बिनदाराची वापरा. रचताना प्रत्येक दोन दारांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळेल आणि दार पीळ खाणार नाही. वर्षभरानेही त्यांना पॉलिश होईल. बिनदाराच्या कपाटांनी कुणाचं काही अडत नाही. उलट पहिल्या काही महिन्यांत एका हातावर बाळ असताना दुसऱ्या हाताने डबा काढणं सोपंच जातं.

एक काम मात्र या तीन आठवड्यांत जरूर करा. बॉक्स प्लायचे किंवा एमडीएफचे (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाचे) असतील तर त्यांच्या उघड्या कडा आणि चॅनेलसाठी पाडलेली भोकं बंद करा. बोर्डातला फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो तो मुख्यतः कापलेल्या कडांतून, आणि उकाडा व दमटपणा वाढला की जास्त पडतो. कडांवर चिकटवायची पट्टी, म्हणजे एजबँड लावा, आतल्या कोऱ्या भागांवर पाण्यावर आधारित सीलरचा हात मारा. घरभर वास पसरवणारं काम नाही हे, आणि फायदा मोठा.

वासाबद्दल. तुमच्या पत्नींचं बरोबर आहे, तुमचं चूक. गरोदरपणात अनेकींचं नाक तिखट होतं हे खरं, पण तुम्हाला वास येत नाही याचं कारण वास नाही हे नव्हे. अर्धा तास थिनरच्या सान्निध्यात काढला की नाक त्याची नोंद घेणं थांबवतं. म्हणजे त्या खोलीतला सगळ्यात अविश्वासू साक्षीदार तुमचंच नाक आहे. लॅकर थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं. ते आईच्या रक्तातून, वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत जातं. गरोदर बाईने त्या वाफांत राहू नये, यावर कुणाचं दुमत नाही. जुना रंग काढायचे काही पेंट रिमूव्हर त्याहून घातक: त्यातलं मिथिलीन क्लोराइड शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड तयार करतं. बंद न्हाणीघरात ते वापरताना धडधाकट कामगार दगावल्यामुळे अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली. दोन डब्यांचं पीयू म्हणाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने एकदा दमा जडला की पुढे थोडक्या वासानेही तो उसळतो. ते घरात, तेही स्प्रेने, बाळ असो वा नसो, मारायचंच नाही.

मास्क लावतो म्हणाल. एन-95 मास्क धुळीसाठी चांगला आहे, पण थिनरची वाफ त्यातून आरपार जाते. वाफेसाठी सक्रिय कोळशाच्या डब्या लागलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क लागतो. आणि तो तुमच्याच फुप्फुसांपुरता. दाराखालच्या फटीतून पलीकडे जाणाऱ्या वाफेला तुमच्या मास्कचं काय?

धूळ ही वासापेक्षा लबाड. वास निदान ओरडतो. लाकडाची धूळही कर्करोग घडवणाऱ्या त्याच पहिल्या गटात आहे, आणि सगळ्यात त्रास देते ती डोळ्याला न दिसणारी, सँडरने (घासायच्या यंत्राने) उडवलेली. जमिनीवर पडलेला भुसा झाडून झाला तरी ही तासन् तास हवेत तरंगते, मग पडद्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या चौकटीवर बसते. केरसुणीने ती फक्त पुन्हा उडते. ज्या खोलीत बाळ झोपणार आहे तिथलं घासकाम आजपासून बंद. बेंच हलवा, जागा नसेल तर हत्यारं डब्यांत भरून ठेवा. खोली वरून खाली ओल्या फडक्याने पुसा: आधी पंखा, मग भिंती, मग जमीन. दोन दिवसांनी पुन्हा तेच, कारण मधल्या काळात आणखी धूळ बसलेली असेल. अतिबारीक धूळ धरून ठेवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम मिळाला तर उत्तम. आणि पुढे कुठेही काम करा, कामाचे कपडे तिथेच उतरवायचे, अंघोळ करायची, मग बाळाला घ्यायचं. दाढीत आणि बाह्यांच्या घड्यांत किती भुसा असतो ते काळ्या कापडावर एकदा झटकून बघा.

आजोबांचं कपाट. त्याला हात लावू नका. मला माहीत आहे, यादीतलं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम हेच आहे. पण जुन्या तैलरंगांत शिसं घालायची सर्रास पद्धत होती. अमेरिकेने घरगुती रंगांतून ते 1978 मध्ये हद्दपार केलं, अनेक देशांनी त्याच्या पुष्कळ नंतर. असा रंग कोरडा घासला की शिशाची पूड होते. ही पूड जमिनीवर बसते, रांगत्या बाळाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषून घेतं. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गरोदर बाईच्या पोटात गेलं तर ते वारेतूनही पुढे जातं. हीट गनने रंग फुगवून काढायचाही विचार करू नका, जास्त तापली तर त्यातून शिशाची वाफ निघते. कपाट आहे तसं, ओल्या फडक्याने पुसून, बाळाच्या वावरापासून दूर ठेवा. पुढे कधी तरी रंगाचा तुकडा तपासून घ्या आणि शिसं निघालं तर ते काढायचं काम जाणकारालाच द्या. आजोबांचं कपाट आणखी पाच वर्षं थांबेल.

पाळण्याबद्दलही माझं मत तुम्हाला आवडणार नाही. पहिला पाळणा स्वतः करू नये. तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण बाकी फर्निचरमध्ये चूक झाली तर दार घासतं, इथे चूक झाली तर मान अडकते. दोन गजांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. कोपऱ्याचे खांब वरच्या कठड्याच्या वर आलेले नकोत, कारण कपडा त्यात अडकून गळफास बसतो. अमेरिकी मानकात वर येण्याची परवानगी आहे ती फार तर दीड मिलिमीटरची. गादी घट्ट, सपाट, आणि तिच्या कडेला दोन बोटं जातील एवढीही जागा नको. बाजूचा कठडा खाली सरकणारे पाळणे किती सोयीचे दिसतात, पण त्यांच्या निखळणाऱ्या कठड्यांत बाळं अडकून गेली म्हणून अमेरिकेने 2011 मध्ये ते विकण्यावरच बंदी आणली. ते मोठमोठ्या कारखान्यांचे पाळणे होते, त्यांच्या चाचण्याही झालेल्या होत्या. चाचणी झालेला पाळणा विकत आणा.

त्याऐवजी बाळाच्या कपड्यांची खणांची पेटी करा. बुटकी, रुंद, तळाशी जड. आणि ती दोन ठिकाणी भिंतीला पक्की करा. सगळे खण एकाच वेळी बाहेर ओढले की पेटीचा तोल पुढे येतो; नऊ-दहा महिन्यांचं मूल उभं राहायला खणच धरतं, पुढे त्यांची पायरी करून वर चढतं. खण एका वेळी एकच उघडेल असं कुलूप चॅनेलवाल्यांकडे मिळतं. अशी पेटी करायला दोन शनिवार-रविवार पुरतात, आणि लाखेचं पॉलिश केलंत तर वासाची कटकटही थोडी. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, स्पिरिट उडून जातं, हात अर्ध्या तासात कोरडा. औषधाच्या गोळ्यांवरचं चकचकीत आवरणही बरेचदा लाखेचंच असतं. अर्थात स्पिरिट पेट घेतं, आणि तेवढ्यापुरतंसुद्धा पत्नींनी घरात असू नये. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि हे सगळं 33व्या आठवड्याच्या आत. लाखेवर पाण्याचा आणि गरम भांड्याचा डाग उठतो, म्हणून स्वयंपाकघराच्या दारांना ती चालणार नाही. कपड्यांच्या पेटीला चालते.

आता ते वाक्य. "बाळासाठीच तर करतोय." तुम्ही ते मनापासून म्हणालात, यात मला शंका नाही. पण ही दारं बाळाची कल्पनाही नव्हती तेव्हापासून चालू आहेत. मला वाटतं, रंधा हातात असला की पुढे काय करायचं ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि बाळाच्या बाबतीत सध्या तुमच्या हातात करण्यासारखं काही दिसत नाही. मग माणूस जे येतं तेच आणखी जोरात करतो. बाप होणारे पुष्कळ जण असं करतात. कोणी गाडी खोलून बसतो, कोणी घराला रंग द्यायला काढतो. त्यात वाईट काही नाही. मात्र ते बायकोच्या मदतीत धरू नका. आज त्यांना एवढंच विचारा: "बाळ यायच्या आत कोणती तीन कामं झालेली हवीत?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. त्या तिनात स्वयंपाकघराची दारं असतील असं मला वाटत नाही. असलीच, तर मी हरलो.

छंद सोडावा लागेल का? पहिले तीन महिने, हो, जवळजवळ. आधीच मान्य केलंत तर चिडचिड कमी होईल. नवजात बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं, रात्रीही. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखे चालतात, असं प्रयोगांत दिसलंय. कित्येक देशांत तेवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवायला मनाई आहे. म्हणून तुटक झोपेच्या रात्रीनंतर टेबल सॉ, राउटर, ग्राइंडर अशा कापणाऱ्या-घासणाऱ्या यंत्रांचा प्लग लावायचाच नाही. 'दोनच काप आहेत' असं मनाशी म्हटलंत की समजा, आजचा दिवस त्याचा नाही.

त्यानंतर छंद परत येतो, पण छोटा होऊन. वीस मिनिटांत उचलता आणि ठेवता येईल असं काम निवडा. पटाशीला धार लावणं. रंध्याने एक फळी सरळ करणं. रंध्याच्या ढलप्या पडतात, त्या हवेत तरंगत नाहीत. सँडरऐवजी पोलादी स्क्रेपर वापरायला शिका. पातळ पात्याची कड फिरवून घेतली की तो पॉलिशपेपरपेक्षा स्वच्छ पृष्ठभाग देतो, धूळ नगण्य, आणि आवाज भिंतीपलीकडे झोपलेल्याला जागं करण्याइतका नाही. मला विचाराल तर यंत्रांवर वाढलेल्या सुताराचा हात या काळात सुधारतो. गोंद लावून शिकंजे कसण्याचं काम मात्र बाळाला भूक लागायच्या वेळेला काढू नका. गोंद पाच-दहा मिनिटांत धरायला लागतो, त्याला थांबवता येत नाही.

आणि तास वाटून घ्या. आठवड्यातले दोन तास तुम्हाला बेंचवर हवे असतील तर दोन तास पत्नींनाही हवेत, आणि तेव्हा बाळ पूर्णपणे तुमच्याकडे: रडलं तरी, लंगोट बदलायचा असला तरी, "अगं, हे कुठे ठेवलंय?" अशी हाक न मारता. दूध पाजायच्या वेळांमुळे त्यांचे दोन तास काढणं जास्त अवघड, म्हणून कॅलेंडरवर आधी त्यांचे लिहा, मग तुमचे. त्यांनी त्या वेळात नुसती झोप काढली तरी तो त्यांचाच हिशेब. 'वाया घालवले' म्हणायचं नाही. एखाद्या आठवड्यात त्यांचे झाले नाहीत तर तुमचेही होणार नाहीत. हे आत्ताच, अबोला मोडताना ठरवून टाका. बाळ आल्यावर दोघंही इतके थकलेले असाल की ठरवणं जमणार नाही, भांडणच होईल.

दारं कारखान्यात द्यायचं ठरलं तर प्रत्येकाच्या मागे, बिजागरीच्या खोबणीत, पेन्सिलने क्रमांक घाला आणि खोबणीवर चिकटपट्टी लावा. उघड्यावर लिहिलेला आकडा पॉलिशवाला पहिल्या घासणीतच पुसून टाकतो, आणि मग कुठलं दार कुठल्या बॉक्सचं ते शोधण्यात तुमचा एक रविवार जाईल.